बटण बंद करू नये

पतसंस्थेनं भंगारात काढलेला डबा
सुहेल मुजावरनं सातशेला आणून दिला,
वर एक पेनड्राइव्ह फुकट,
त्याच्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं : लिनक्स.
म्हणाला, काकी, नुसतं होय होय म्हणत जायचं.

मी होय होय म्हणत गेलो.
आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘गेलो’ म्हणतात,
यंत्रानं हरकत घेतली नाही.
त्यानं भाषा विचारली, मी मराठी घेतली,
पुढच्या पानावर असले शब्द आले
की मुकाट इंग्रजीवर परतलो.

मग विचारलं, सगळी डिस्क पुसू का?
इथं हात थांबला.
आत कुणाकुणाचे हप्ते असतील, फिटलेले, थकलेले,
कुणी कुणाला जामीन राहिलेला.
सुहेलला फोन लावला.
पुसा, त्यांनी कॉपी ठेवली असेल की.
‘असेल की’ एवढ्या भरवशावर
मी एंटर मारला.

पासवर्ड टाका म्हणाला. टाकला,
पडद्यावर काहीच उमटेना, अक्षर नाही की टिंब नाही.
तीनदा कीबोर्ड उपटून परत लावला.
शेडमध्ये तेव्हा ओतकाम चाललं होतं.
साच्याच्या आत काय होतंय
ते तातोबा मोल्डरलाही दिसत नाही,
तो रायझरच्या भोकाकडं बघत उभा राहतो,
लाल वर आलं की हात करतो, बास.
मीही न दिसणारी अक्षरं ओतली.
जरा वेळानं
डॉलरचं चिन्ह वर आलं.

हे सगळं केरबा सुतारांच्या वहीसाठी.
माळ्यावर सहाशे चाळीस लाकडी पॅटर्न,
कुठला पंपाचा, कुठला गुऱ्हाळाच्या घाण्याचा,
कुठला अशा गिऱ्हाइकाचा ज्याचा कारखानाच उरला नाही.
कुठं काय ठेवलंय ते केरबांच्या डोक्यात होतं
आणि ते डोकं गेल्या दिवाळीपासनं
बायकोला वहिनी म्हणतंय.
वही आहे, पण तिच्यात अक्षरं कमी, खुणा जास्त.
चंद्रकोर म्हणजे डावीकडची फळी.
कोंबडी म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

मग सर्व्हर. सुहेलच्या चिठ्ठीतल्या ओळी
एकामागनं एक, जागा सोडायची तिथं जागा सोडून.
एक जागा चुकली की म्हणे सापडत नाही.
मग म्हणाला, परवानगी नाही.
माझ्या टेबलावर, मी सातशे मोजलेल्या डब्याची
मलाच परवानगी नाही!
एकवीस वर्षं या हापिसात हिशेब लिहितो मी,
वाक्य नवीन नव्हतं.
नवीन एवढंच, की इथं ओळीच्या आधी
‘सुडो’ लिहिलं की आपण मालक होतो.
मी तो गरजेपेक्षा
जरा जास्तच वेळा लिहिला.

पावणेदहाला तातोबाच्या मोबाइलवर पान उघडलं,
एक ते चाळीस, तेवढेच भरून झाले होते.
त्यानं फोन कानाला लावला,
वाट बघितली, म्हणाला, कोण बोलंना.
बघायचं असतंय ते, मी म्हणालो.
मग त्यानं बघितलं.
सतरा नंबर, पंपाचं घर, डावी फळी.
म्हणाला, हे तर केरबाचं बोलणं.

सकाळी आलो तर पान गायब.
दोन तास चुका शोधल्या, चिठ्ठी उलटी करून वाचली,
शेवटी टेबलाखाली वाकलो :
पिन काढून तिथं
चौगुले मालकांचा फोन चार्जिंगला.
रात्रभर चालूच होता की, ते म्हणाले, बिल कोण भरणार?
आणि सर्व्हर म्हणजे असतंय तरी काय?

मला सांगता आलं नाही.
कामाला असलेल्या माणसासारखंच काहीतरी,
कुणी हाक मारायची वाट बघत
जागं राहणारं.
असलं मालकांना कसं सांगणार?

शेडमधनं खडू आणला,
बोर्डाच्या वर भिंतीवर लिहिलं :
बटण बंद करू नये.
शेजारी एक कोंबडी काढली.